म्हाळसाकाकूंच्या हातातलं ताट

ताट मी दिलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गल्लीत आता ही हकिगत सांगताना लोक 'ताट तिनं घेतलं' इथून सुरुवात करतात.

इंदापुरात जुन्या पाण्याच्या टाकीमागं आमची गल्ली आहे. नगरपरिषदेची निवडणूक कैक वर्षांनी लागली होती, त्यामुळं उमेदवारांना आणि आम्हा पोरांना काय करू नि काय नको असं झालेलं. मी इंद्रजितभाऊंचा 'सोशल मीडिया प्रमुख' होतो. म्हणजे बारामतीच्या कॉलेजातून काढलेली बी.कॉम.ची पदवी, एक कोपरा फुटलेला मोबाइल आणि भाऊंच्या सिमेंट-सळईच्या दुकानातून मिळालेला ट्रायपॉड एवढं माझं खातं.

भाऊंची पदयात्रा गल्लीत सकाळी साडेनऊला येणार होती. बायकांच्या ग्रुपवर मी साडेदहा टाकलं. चूक एवढीच.

साडेनऊला मारुतीच्या पारापाशी हलगी वाजायला लागली, तेव्हा दरवेळी औक्षण करणाऱ्या द्वारकाबाई न्हाणीत होत्या आणि बाकीच्या सुवासिनी कुणी गिरणीत, कुणी अजून झाडलोट करत होत्या. भाऊ पारापाशी हात जोडून उभे. औक्षणाशिवाय उमेदवार गल्लीत शिरला, की तो वसुलीला आल्यासारखा दिसतो. दोनशे-सव्वादोनशे माणसं मोबाइलवर लाइव्ह बघत होती, आणि त्यांना गेली तीन मिनिटं भाऊंचे जोडलेले हात दिसत होते.

शेजारच्या ओट्यावर म्हाळसाकाकू ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ताट तयार, अक्षता तयार. मी मारुतीपुढचं निरांजन आणि कुंकवाची वाटी उचलली, त्यांच्या ताटात ठेवली आणि म्हणालो, "काकू, उठा. ओवाळा."

"कुणाला?"

"भाऊंना. आलेत ते."

"अरं आवी, मी?"

"तुमीच. चला लवकर, लाइव्ह चालू हाय."

काकूंचे मालक संभाजीमामा माळेगाव कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण त्यांच्या तेराव्याच्या जेवणात मी दोनदा बुंदी मागून घेतली होती. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त मोबाइलची बॅटरी होती. अकरा टक्के.

काकूंनी हात पदराला पुसले, पदर डोक्यावरून घेतला आणि उठल्या. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, तीनदा ओवाळलं. बारा वर्षांत हात विसरला नव्हता. हलगी थांबली ती थांबलीच. ओल्या केसांनी, स्वतःचं ताट घेऊन द्वारकाबाई कोपऱ्यावर आल्या आणि तिथंच खिळल्या.

भाऊंना कळायला एक सेकंद लागला. मग त्यांना माझा मोबाइल दिसला. ते वाकले, काकूंच्या पायाला हात लावला आणि मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "माऊली!"

नंतर गाडीत बसून त्यांनीच मला मजकूर सांगितला. 'रूढी मोडणारा उमेदवार. पहिला मान विधवा माऊलीला.' माझी चूक दुपारपर्यंत त्यांची समाजसुधारणा झाली होती. पुण्याच्या लोकांनी व्हिडिओखाली लाल बदाम पाठवले. एका बाईंनी तर 'इंदापूरकडून शिकावं' असं लिहिलं. आम्ही इंदापूरकर आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी शिकवत होतो.

आता म्हाळसाकाकूंविषयी. त्यांचं माहेर वरकुट्याचं. मालक गेल्यावर त्यांनी लग्नाकार्यात पोळ्या लाटायचं काम धरलं. इंदापूर ते बारामतीपर्यंतच्या मंगल कार्यालयांत पुरणपोळी म्हटलं की म्हाळसाकाकू. पोळी अशी पातळ, की ताटातली वेलबुट्टी खालून दिसावी. काम मात्र सगळं मांडवामागं. पुढं यायचं नाही, हळदीला उभं राहायचं नाही, नवरीच्या ओटीच्या वेळी भिंतीकडं सरकायचं, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागू नये, यातच सगळ्यांचा चांगुलपणा होता.

निवडणुकीत त्या सगळ्याच उमेदवारांच्या जेवणाच्या मांडवात जायच्या. सकाळी एकीकडं, संध्याकाळी दुसरीकडं. भाषण कुणाचंही ऐकायच्या नाहीत. "बोलताना समदीच शाणी," म्हणायच्या. "मी जेवणं उरकल्यावर बघते."

ते बघणं असं : उरलेला भात कुठं जातो, पोळ्या लाटणाऱ्या बाया कधी जेवतात, सिलिंडर संपला तर ओरडतं कोण आणि उचलून आणतं कोण. या तीन गोष्टींवर त्यांचा उमेदवार ठरायचा आणि त्यांच्यावर आमच्या गल्लीतल्या बायांचा. मागच्या दोन्ही निवडणुकांत त्यांनी सांगितलेलाच माणूस निवडून आला होता. त्यामुळं मतदान जवळ आलं की बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचं बोलणं बाजूला राहायचं आणि कुणीतरी विचारायचं, "काकू, यंदा कुणाचं?"

यंदा आमच्या प्रभागात खरे उमेदवार दोन. कपबशीवाले इंद्रजितभाऊ आणि पंख्यावाले भिमाअण्णा. अण्णांचं ट्रॅक्टरचं गॅरेज. तोंड असं, की त्यांच्या सभेला लहान मुलं नेऊ नयेत. पण सिलिंडर संपला तेव्हा शिव्या देत का होईना, अण्णांनी स्वतः खांद्यावर आणला होता, आणि त्यांची बायको लाटणाऱ्या बायांबरोबर एकाच परातीतून जेवायची. भाऊंच्या मांडवात उरलेला भात भाऊंच्या गोठ्यावर जायचा, आणि बाया जेवल्या का हे विचारणारं कुणी नव्हतं. काकूंचा पंखा ठरला होता. गल्लीला ते कळलंही होतं. भाऊंनाही. म्हणून तर पदयात्रा आमच्या गल्लीतून न्यायची ठरली.

पण त्या दुपारी काकूंनी मला ओट्यावर बोलावलं.

"आवी, एक इचारू? खरं सांगशील?"

"बोला की."

"भाऊंनी सांगितलं हुतं का रं, मलाच ताट द्यायचं म्हणून?"

खरं उत्तर फार लहान होतं. 'नाही काकू, घाईत चुकून झालं.' मी खोटं बोललो, आणि आपण म्हणतो तसं सहज नाही. चांगलं सजवून बोललो. "तर! भाऊ म्हणाले, काहीही होऊ दे, पहिला मान म्हाळसाकाकूंचा."

"कसं म्हणाले? परत सांग."

मी परत सांगितलं. या खेपेला मधे 'माऊली' घातलं.

 काकू आत गेल्या, आणि मला वाटीभर चिवडा आणून दिला. मी तो खाल्ला. खमंग होता.

दुसऱ्या दिवशी त्या भिमाअण्णांच्या मांडवात गेल्या. मी तिथं नव्हतो, पण अण्णांचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जातो. काकू म्हणाल्या, "अण्णा, उद्यापास्नं मी येनार न्हाय. मत तिकडं देनार हाय. मग हितल्या पोळ्या लाटणं बरं न्हाय."

अण्णांनी भाऊंना, भाऊंच्या वडिलांना, ताटाला आणि व्हिडिओ काढणाऱ्याला, म्हणजे मला, चार सणसणीत शिव्या हासडल्या. मग म्हणाले, "जायचं तर जा. पण जेवून जा. उपाशी जाशील तर बघ."

त्या संध्याकाळी बचत गटाची बैठक. सोळा बाया आणि व्हिडिओ काढायला मी. प्रश्न आला, "काकू, यंदा कुणाचं?"

"कपबशी."

द्वारकाबाईंनी मान वर केली. "का गं म्हाळसे? परवापतोर त्याच्या उरलेल्या भाताचं सांगत हुतीस."

"सांगत हुते. मानूस बदलतो."

"मानूस बदलला, का ताट मिळालं?"

दोघीतिघी हसल्या. काकूंनी त्यांचं हसू संपू दिलं.

"ताट मिळालं, आक्का. मग? तुमाला बारा वरसं न मिळता बघा, आन् मग बोला."

द्वारकाबाईंनी हातातल्या बांगड्या उगाच मागंपुढं केल्या. तो हिशेब त्यांनी त्याच दिवशी मनात धरला, असं मला आता वाटतं.

मतदानापर्यंतचे आठ दिवस काकू घरोघर फिरल्या. कुणाचं म्हातारं माणूस रिक्षात बसव, कुणाला स्लिप दे. भाऊ त्यांना पाहिलं की चारचौघांत म्हणायचे, "आमच्या श्रेयाचं लगीन हाय बारामतीला. पोळ्या काकूंच्याच हातच्या!" श्रेया म्हणजे भाऊंची पुतणी. काकू ते ऐकून नुसत्या हसायच्या.

भाऊ नऊ मतांनी पडले.

मी मोजणीच्या ठिकाणी होतो. बाहेर पंख्यावाल्यांनी इतका गुलाल उधळला, की माझा पांढरा शर्ट आजही फिका गुलाबी आहे. केंद्रवार आकडे मी मोबाइलमध्ये टिपून घेतले. भाऊ पडले ते त्यांच्या स्वतःच्या घराजवळच्या केंद्रावर. आमच्या गल्लीच्या केंद्रावर ते एक्केचाळीस मतांनी पुढं होते. म्हणजे काकूंनी त्यांना आणून दिलं ते हेच. हे आकडे अजून माझ्याकडं आहेत. मी ते कुणाला दाखवले नाहीत. पडलेल्या उमेदवाराच्या घरी जाऊन 'तुमचेच शेजारी तुम्हाला ओळखून आहेत' असं कोण सांगणार? सोपं कारण आधीच तयार होतं.

ते द्वारकाबाईंनी तयार ठेवलं होतं. "मला त्या सकाळीच कळलं हुतं," त्या नळावर म्हणाल्या. "कपाळ बघून ताट द्यावं मानसानं."

दोन दिवसांत ते सगळ्या गावात झालं. ज्या व्हिडिओला पुण्याहून बदाम आले होते, त्यातून काकूंचं ताटासकट चित्र कुणीतरी कापून काढलं आणि खाली लिहिलं, 'ओवाळू का?' क्रिकेटमध्ये कुणी आऊट झालं की पोरं ते टाकायची. गल्लीतला एक जण परीक्षेला निघाला तर त्याची बहीणच म्हणाली, "म्हाळसाकाकूंकडनं ओवाळून जा, म्हंजे पुढच्या साली परत द्यायला मोकळा." मलाही ते चित्र आलं. मी हसण्याचं चिन्ह टाकलं. न टाकतो तर दिसून आलं असतं.

आणि मग कामं जाऊ लागली. तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही. एकानं सांगितलं, पुरणपोळीचा बेत बदलला. दुसरीकडं म्हणे आता मशीनच्या पोळ्या आणणार. तिसऱ्यानं निरोपच दिला नाही. काकू पिशवीत लाटणं घालून गेल्या आणि दुसऱ्या बाया लाटताना बघून परत आल्या. बारा वर्षं मांडवामागं चाललेली बाई आता मांडवामागंही चालेना.

"श्रेयाचं लगीन होऊ दे," त्या माझ्या आईला म्हणाल्या. "जो पडला त्योच आपल्या घरच्या लग्नात माझ्या हातच्या पोळ्या वाढतोय म्हणल्यावर बाकीच्यांची तोंडं आपसूक बंद व्हतील. ते एक लगीन पार पडलं, की माझं काम परत सुरू." आईनं मान हलवली. मीही हलवली.

लग्नाच्या दिवशी आम्ही एकाच एसटीनं बारामतीला गेलो. मी रील काढायला, काकू पोळ्या लाटायला. त्यांनी इरकल नेसली होती, आणि लाटणं धुऊन, फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. मला म्हणाल्या, "आवी, पोळी ताटात पडली की तिचा फोटू काढ. नीट काढ. सगळ्यास्नी दिसू दे." मी म्हणालो, काढतो.

मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला चुली पेटल्या होत्या. चार अनोळखी बाया पुरण वाटत बसलेल्या. आचाऱ्यानं काकूंकडं पाहिलं, लाटण्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "बाई, पोळ्यांला मानसं पुरी हायती. तुमचं मला कुणी बोललं न्हाय."

"भाऊंना बोलवा," काकू म्हणाल्या.

भाऊ आले. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू तसंच होतं.

"काकू! तुमी कशाला एवढा तरास घेतला?"

"पोळ्यांला आले. तुमीच सांगितलं हुतं. धा जणांत."

"व्हय व्हय, सांगितलं हुतं." भाऊंनी आवाज खाली आणला. "पन घरातल्या बाया ऐकत न्हाईत ओ. शुभकार्य हाय. मी असलं काय मानत न्हाय, तुमाला म्हाईत हाय. व्हिडिओच हाय त्याचा." त्यांनी पुरावा म्हणून माझ्याकडं बोट केलं. "तुमी आसं करा, बसा तिकडं. ताट द्यायला सांगतो. जेवून जा."

पुरण वाटणाऱ्या बायांचे हात थांबले होते. काकूंनी लाटण्याचं फडकं नीट केलं.

"मानत न्हाय म्हणता. मग त्या दिवशी मुद्दाम मलाच ताट द्या म्हणून का सांगितलं?"

"मी?" भाऊंना खरंच आठवेना, कारण आठवायला काही नव्हतंच. "मी न्हाय बा! ह्या आवीनं घोळ घातला टायमाचा, आन् गडबडीत दिलं कुणाच्या तरी हातात. मी तर च्यायला बघतच राह्यलो, म्हणलं आता काय करावं! मानूस म्हणून पाया पडलो. माझी चूक काय?"

आचारी हसला. मग त्या चौघींतली एक हसली. भाऊ स्वतःही हसले, कारण गोष्ट सांगायला त्यांना बरी जमली होती.

काकू माझ्याकडं वळल्या. त्यांना माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. खोटं असलं तरी चाललं असतं. त्यांनी ते माझ्या तोंडून आधी ऐकलं होतं, मला पाठ होतं. खरं बोललो असतो तर एक्केचाळीसचा आकडा माझ्या खिशातच होता. मी मोबाइलची बॅटरी बघितली. अठ्ठ्याहत्तर टक्के होती.

"काकू, ते... आपण नंतर बोलू," मी म्हणालो.

"दोनदा सांगितलंस की रं," त्या म्हणाल्या. "मी परत सांग म्हणले, तर परत सांगितलंस."

पुढं काही नाही. त्यांनी लाटणं पिशवीत ठेवलं. भाऊ "अवं जेवून तरी जावा" म्हणत होते, तोवर त्या भांडी घासायच्या मोरीवरून, मागच्या दारानं गेल्या. कुणी रडलं-बिडलं नाही. सनई लावलेली होती, ती चालू राहिली. दीडच्या पंगतीला मी जेवलो. पोळ्या जाड होत्या आणि कडेला पुरण पोचलं नव्हतं.

आता काकू बारामतीच्या एमआयडीसीजवळच्या एका मेसमध्ये चपात्या लाटतात. तिथं जेवणारी पोरं बाहेरची. त्यांना चपातीशी काम, लाटणारीच्या कपाळाशी नाही. पुरणपोळी तिथं कुणी मागत नाही. सकाळची पहिली एसटी काकू धरतात. बचत गटाच्या बैठकीला येत नाहीत. तिथं आता कुणाला निवडून द्यायचं ते द्वारकाबाई सांगतात, आणि त्या कुणाच्याही मांडवात न जाता सांगतात. भिमाअण्णांनी म्हणे निवडून आल्यावर दोनदा निरोप धाडला, 'माझ्या पोराच्या साखरपुड्याला या'. काकू गेल्या नाहीत. त्यांनी अण्णांना मत दिलं नव्हतं.

माझ्याशी त्या बोलत नाहीत असं नाही. मधे एसटी स्टँडवर दिसल्या, तेव्हा म्हणाल्या, "आवी, माझं ताट तेवढं आणून दे."

"देतो काकू."

त्या दिवशी पदयात्रेत तेच ताट पुढच्या घरांना फिरवलं होतं. शेवटी ते माझ्या हातात राहिलं आणि आमच्या घरी आलं. स्टीलचं आहे, कडेला ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं : चि. सौ. कां. म्हाळसा हीस मामांकडून, वरकुटे. निरांजनाच्या तेलाचा डाग आईनं राखेनं घासून काढला. "दे की एकदाचं नेऊन," आई दर दोन दिवसांनी म्हणते. मी खरंच दोनदा घेऊन गेलो होतो. पण त्या पहाटेच जातात आणि मी नऊला उठतो. दाराला कुलूप असतं. ओट्यावर ठेवून यावं, तर कुणी उचलून न्यायचं.

आज रविवार. मेसला सुट्टी. काकू घरी आहेत, ओट्यावर बसलेल्या मी खिडकीतून पाहिल्या. पण आईनं सकाळीच त्या ताटात पोहे भिजवून ठेवलेत, तेव्हा आज काही जमायचं नाही.